उपकाराची नांगरट

उपकार करणाऱ्यावर चिडायची सोय या जगात कुठेच केलेली नाही. नुकसान करणाऱ्याला शिव्या घालता येतात, चोराला चौकीत नेता येतं. पण ज्याने स्वतःचं डिझेल जाळून, स्वतःची कंबर मोडून, न मागता तुमचं काम करून ठेवलं, त्याला कोणत्या तोंडाने बोलायचं? मास्तरीण बसमधून उतरली तेव्हा हा प्रश्न तिच्या गावीही नव्हता.

मुलीचं बाळंतपण उरकून ती महिन्याने परतत होती. पिशवीत नातीचं एक झबलं होतं, मापाला म्हणून आणलेलं, कारण नवरा शिंपी होता आणि आजोबा झाल्यापासून त्याला दुसरं काही शिवावंसं वाटत नव्हतं. ती स्वतः शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. नोकरी सुटली तरी गावाने तिचं 'मास्तरीण' काही सोडलं नव्हतं. थांब्यावरून घराकडे जाताना वळणावर तिचं रान लागायचं. तिने सवयीने डावीकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आपण चुकून आधीच्याच थांब्यावर उतरलो.

रान स्वच्छ होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगरलेलं, वर कुळवलेलं, फणी फिरवल्यासारख्या सरळ रेघांचं. बाजरीची धसकटं नव्हती. चवळीचे वाळलेले वेल नव्हते. मेंढरांच्या लेंड्या नव्हत्या. कोपऱ्यात राखेचं एक काळं वर्तुळ होतं. मधोमध विजेचा खांब होता आणि त्याला ताण द्यायला जमिनीत रोवलेली तार. त्या दोघांच्या बेचक्यात ट्रॅक्टर वळू शकला नव्हता, तेवढाच एक खाटेएवढा तुकडा जुन्या रूपात उरला होता, न्हाव्याकडून घाईत राहून गेलेल्या केसांच्या बटेसारखा.

ती आत शिरली. पाय घोट्यापर्यंत रुतले. वाकून तिने मूठभर माती घेतली, दाबली, आणि मूठ उघडली. बोटांच्या फटींतून सगळं घरंगळून गेलं. तळहातावर काहीच राहिलं नाही.

हे रान वडिलांनी तिला दिलं तेव्हा असंच होतं. निव्वळ वाळू. थोरल्या बहिणीला घराजवळचा बरा तुकडा गेला होता आणि धाकटीला हा. त्यावर कोणी भांडलं नाही, कारण मास्तरीण पगारदार होती. 'तिला काय, रान असलं काय, नसलं काय.' पाणी ओतलं की चाळणीतून जावं तसं खाली जायचं. खत टाकलं की पहिल्या पावसाबरोबर तेही त्याच वाटेने. वाळूचा कण म्हणजे गुळगुळीत, कोरडा, स्वतःपुरता माणूस. ना पाणी धरून ठेवील, ना खत, ना शेजाऱ्याचा हात. त्याला धरून ठेवायला काहीतरी बारीक लागतं, चिकट लागतं, कुजलेलं लागतं.

ते तिने आणलं होतं. आटलेल्या तळ्यातला गाळ घमेल्याने वाहून. बाजरीच्या ओळींमध्ये चवळी पेरून. मेंढपाळाला विनवून दर सुगीनंतर त्याचा कळप रात्री रानात बसवून. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, काही न करून. धसकटं उपटली नाहीत, मुळं जागच्या जागी कुजू दिली, नांगर घातला नाही. वर दोन बोटं जाडीचा एक काळसर थर धरायला तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. एका सकाळी मूठ उघडली तर मातीचा गोळा तसाच राहिला, वर तिच्या बोटांचे ठसे घेऊन. तिने तो रुमालात गुंडाळून घरी आणला होता, नवऱ्याला दाखवायला. नवरा म्हणाला होता, "सुंदर आहे. याला काज कुठं करू?"

गावाला मात्र त्यात आळस दिसायचा. ज्याचं रान सुगीनंतर नांगरून लख्ख, तो कष्टाळू. ज्याचं धसकटांनी भरलेलं, त्याच्या घरात काही ठीक नाही, हा इथला साधा हिशेब. मास्तरणीच्या रानावरून येणारेजाणारे विनोद करायचे. त्यात सगळ्यांच्या पुढे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, कारण गावात भाड्याने नांगरट करणारा ट्रॅक्टर त्यांचा होता आणि सख्ख्या मेहुणीचं रान दाढी वाढलेल्या रोग्यासारखं पडून असणं हे त्यांच्या धंद्याला शोभत नव्हतं.

ती पिशवी घेऊन तशीच बहिणीच्या घरी गेली.

दाजी अंगणात खुर्चीवर बसून ट्रॅक्टरचा फिल्टर धूत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की तिच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथेच अडकलं.

"या, या, आजीबाई! वळणावरून आलात ना? दिसलं का?"

"दिसलं."

"मग? बोला की काहीतरी. अहो, इतकी वर्षं मेहुणीबाईंच्या रानाची दाढी करायची राहिली होती. म्हटलं, आता त्या नाहीत तोवर उरकून टाकू. असतात तर तुम्ही वस्तऱ्याला हात लावू दिला नसता."

"नसताच दिला. हे माहीत होतं ना तुम्हाला?"

दाजी हसले. त्यांना अजून थट्टाच चालली आहे असं वाटत होतं. आतून ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"दोन दिवस राबलेत ते," ताई म्हणाली. "ऐन भाड्याच्या दिवसांत. लोकांची कामं मागे टाकली. धसकटं काही सुटेनात, हाताने गोळा करून जाळली. आल्या आल्या दोन गोड शब्द बोलशील का नाही?"

"दाजी, मी जाताना काय सांगितलं होतं?"

"रानाकडे लक्ष असू द्या, म्हणालात. दिलं लक्ष."

"गुरं शिरू देऊ नका, म्हणाले होते."

"गुरं शिरलीच नाहीत," दाजी म्हणाले, "आता शिरून खातील काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर मान मागे टाकून हसले.

मास्तरणीने तांब्या घेतला नाही. चाळीस पोरांच्या वर्गातही तिने कधी आवाज चढवला नव्हता; ती चिडली की आवाज उलट खाली जायचा, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पेन खाली ठेवायची. तो आवाज आता लागला.

"वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेत. ती माती मोकळी झालीय. तिला धरायला आता एक मूळ नाही, वर एक काडी नाही. ती जाणार."

"माती कुठं जाते?" दाजी म्हणाले. "माती काय पाहुणी आहे, चार दिवस राहून जायला?"

"ताई, मी सांगितलं होतं. तुझ्या याच अंगणात बसून. धसकटं का ठेवते, ते एकदा नाही, तीनदा सांगितलंय."

"सांगितलं असशील," ताई म्हणाली. "तुझं सगळं बोलणं शाळेतल्यासारखं. घरात कोण लक्ष देतं त्याला? तू चिडतेस म्हणजे कमालच आहे. दुसरी असती तर पाया पडली असती."

दुसरी नव्हती. मास्तरीण वळून चालू लागली. मागून ताईचा आवाज आला, "अगं, नातीचं नाव तरी सांगून जा!" तिने सांगितलं नाही. नंतर कितीतरी दिवस ताईने सगळ्या राग-लोभात तेवढी एकच गोष्ट मनाला लावून घेतली.

घरी शिंप्याने झबलं हातात घेऊन दिव्यापुढे धरलं, बोटांनी मापलं, आणि मग बायकोकडे पाहिलं.

"मी अडवायला गेलो होतो," तो म्हणाला. "ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना माझं बोलणं म्हणजे शाबासकी वाटली. हात हलवला त्यांनी मला."

"पुढे आडवं पडायचं."

"पडलो असतो तर त्यांनी मलाही बरोबर गोळा करून कोपऱ्यात जाळलं असतं."

तिला हसू आलं नाही. पण ती जेवली, आणि जेवताना कसं काय करायचं ते ठरलं.

जनावरांच्या छपराला आडोसा म्हणून बाजरीच्या वाळक्या ताटांचं कुडण होतं. ते दोघांनी सोडलं. मेंढपाळाकडून उरलेली वैरण आणली. मग रानात, वारा येतो त्या दिशेला आडव्या, ताटांच्या ओळी रोवायला घेतल्या. फावड्याने चीर पाडायची, त्यात ताटं उभी दाबायची, पायाने घट्ट करायची, एक वावभर, दोन हात पसरावेत तेवढं, सरकून पुन्हा तेच. वाऱ्याची धाव मोडायची, एवढंच. वाऱ्याला थांबवता येत नाही, पण अडखळवता येतं.

"शिंप्याला शेवटी रान शिवायला बसवलंस," नवरा म्हणाला.

"टाके जवळ घ्या."

रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. इतकं सुरेख नांगरून दिलेलं रान या बाईने पुन्हा काड्या खोचून विद्रूप केलं म्हणून हळहळायचे. एकाने विचारलंही, "दाजींशी काही बिनसलंय का?" गावात बातमी गेली ती अशी, की मास्तरणीला उपकाराची जाण नाही.

दोघांची मिळून वयं सव्वाशेला टेकलेली. रस्त्याकडचा तिसरा हिस्सा झाला तोवर वारा सुटला.

तो तीन दिवस वाहिला. पहिल्या दिवशी जमिनीलगत नुसती हालचाल, साप गेल्यासारखी. वाळूचे कण उड्या मारत पुढे जायचे आणि जिथे आपटायचे तिथून आणखी काहीतरी उडवायचे. दुसऱ्या दिवशी आकाश तपकिरी झालं. शिंप्याने मशीनवर चादर टाकली. लोक दारं लावून बसले आणि म्हणाले, काय ही धूळ. मास्तरीण खिडकीशी उभी राहिली. चौकटीवर साचलेलं तिने बोटाने पुसून घेतलं. वाळू नव्हती ती. खरखरत नव्हती. पिठासारखी मऊ, काळसर, बोटांच्या रेषांत शिरून बसणारी. तळ्यातला गाळ, चवळीची मुळं, मेंढरांची रात्री बसून केलेली मेहनत. सगळं गाव घराघरातून झटकून बाहेर टाकत होतं ते तिचं होतं. तिने दात इतके दाबले की रात्री कानशिलं दुखली.

चौथ्या दिवशी वारा पडला. ती रानावर गेली. खांबाजवळचा न नांगरलेला तुकडा आता वेगळा दिसत होता. तो उंच झाला होता. म्हणजे तो होता तिथेच होता, बाकीचं रान खाली गेलं होतं; त्याची कड पायरीसारखी उभी होती. ताटांच्या ओळींमध्ये मात्र माती बरीचशी टिकली होती. मूठ दाबली तर गोळा नाही, पण चुरा तळहाताला चिकटून राहत होता. तेवढ्यावर तिने मनात मांडणी सुरू केली. या पट्ट्यात दाट चवळी. इथून पुन्हा पुढे सरकायचं.

ती घरी जाऊन वैरण बांधून दुपारी परत आली, तर ट्रॅक्टर रानात उभा.

दाजींनी दोन ट्रॉल्या आधीच ओतल्या होत्या आणि तिसरी उलटत होते. वारा रस्त्याकडच्या चरात जे टाकून गेला होता ते सगळं त्यांनी फावड्याने भरून आणलं होतं. आणि ट्रॉली आत आणायला वाट एकच, रस्त्याकडून. म्हणून ओतलंही तिथेच. ताटांच्या ओळींवर. ओळी दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी पिवळे, चकचकीत ढीग होते.

"मेहुणीबाई!" दाजींनी वरूनच हाक मारली. घामाने त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. "मी म्हटलं, चुकलं असेल माझं. तुम्ही म्हणालात जाईल, तर गेली. पण लांब नाही गेली. सगळी चरात सापडली. एक कण वाया जाऊ दिला नाही बघा."

ती ट्रॅक्टरजवळ गेली, हात वर घालून किल्ली फिरवली, काढली आणि मुठीत धरली. इंजिन गप्प झालं. तेवढ्या शांततेत तिच्या मागून वैरणीचा भारा घेऊन येणारा शिंपी थबकला.

"तुमच्याकडे बटणांच्या बरण्या असतील," ती त्याला म्हणाली.

"दुकानात आहेत."

"दोन आणा. रिकाम्या. आणि पाणी."

तो भारा तिथेच टाकून निघाला. तो येईपर्यंत दाजी ट्रॉलीच्या फळीवर बसून राहिले आणि ती उभी राहिली. दाजींनी दोनदा घसा साफ केला. एकदा "ऊन फार आहे," असं म्हणून पाहिलं.

बरण्या आल्यावर तिने एक दाजींच्या हातात दिली. "तुम्ही आणलेली माती घाला. मूठभर."

त्यांनी घातली.

दुसरीत तिने खांबाजवळच्या तुकड्यातून, कडेने, नखाने उकरावं तशी घेतली. दोन्हींत पाणी ओतलं. "हलवा. जोरात. आता ट्रॉलीवर ठेवा आणि बघा."

दाजींच्या बरणीत जे होतं ते हात थांबताच सर्रकन तळाला बसलं. वर पाणी राहिलं, पिता येईल इतकं स्वच्छ. दुसऱ्या बरणीतलं पाणी काळपट चहासारखं ढवळलेलं होतं आणि तसंच राहिलं. त्यात काडीकचरा तरंगत होता, काहीतरी सावकाश खाली येत होतं, काहीतरी यायलाच तयार नव्हतं.

"हे घर बांधायला चालेल," तिने पहिल्या बरणीकडे बोट केलं. "वाळू आहे. जड, म्हणून चरात पडली. जे हलकं ते माती. ते चरात पडत नाही."

दाजी एका बरणीकडून दुसरीकडे पाहत राहिले. "मग ती माती कुठाय?"

"थोडी तुमच्या छातीत. थोडी ताईने परवा केरात भरून टाकली. बाकीची समुद्रापर्यंत पोहोचली असेल. जिथं आहे तिथं ट्रॉली जात नाही."

"मला काय माहीत—"

"जे वाचवलं होतं त्यावर तुम्ही आत्ता वाळू ओतलीत."

दाजींनी मागे वळून ढिगांकडे पाहिलं. एका ढिगाच्या कडेतून बाजरीच्या एका ताटाचं टोक वर आलेलं होतं. ते खाली उतरले. गावातल्या प्रत्येक रानाची कड त्यांना पाठ होती. कुठे नांगर उचलायचा, कुठे सोडायचा. ते खांबापर्यंत चालत गेले आणि त्या पायरीपाशी उभे राहिले. मग विचारलं ते अगदी वेगळ्याच आवाजात.

"म्हणजे मी काय इतकी वर्षं सगळ्यांची रानं मारत आलो?"

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, की आता पुरे, आता काहीतरी मऊ बोल. तिने ते वाचलं.

"हो," ती म्हणाली. "थोडी थोडी. तुम्ही एकट्याने नाही. त्यांनी पैसे देऊन मारून घेतली. माझं तेवढं फुकट मारलंत."

दाजींचा चेहरा काळवंडला. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. वाळू उचलतो."

"चाकं पुन्हा ओळींवरून जातील."

"मग कशी उचलू?"

"हातानं. घमेल्यानं."

"एवढी? तीन ट्रॉल्या?"

"मी गाळ घमेल्यानेच आणला होता. तेव्हा तुम्ही बांधावर उभं राहून म्हणाला होतात, मास्तरणीला पगार पुरत नाही वाटतं, गवंड्याच्या हाताखाली लागली. आठवतं?"

आठवत होतं. ते त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. ते रस्त्याने निघून गेले, किल्ली न घेता. शिंपी म्हणाला, "आता येत नाहीत ते. आणि ताईही बोलायची नाही." मास्तरीण गुडघ्यांवर बसली आणि ढिगाच्या कडेने हाताने वाळू ओढायला लागली. वाळू ओढावी तितकी वरून घसरत होती. तिला रडू येत नव्हतं. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. आणि त्यातला अर्धा राग असा, की तो माणूस वाईट नव्हता.

उन्हं कलली तेव्हा रस्त्यावर दोघं दिसली. पुढे दाजी, खांद्यावर फावडं. मागे ताई, डोक्यावर एकात एक घातलेली तीन घमेली. ताईने ती धाकटीसमोर आपटली.

"मी तुझ्याशी बोलायला आलेली नाही," ती म्हणाली. "नातीचं नाव न सांगणाऱ्या बाईशी मी बोलत नसते. कुठं टाकायची ही वाळू?"

"चरात. जिथून आणली तिथं."

ताईने पदर खोचला. दाजींनी भरायला सुरुवात केली. पहिलं घमेलं, दुसरं, मग मोजायचं कुणाच्या मनात राहिलं नाही. शिंपी ताटांवरची शेवटची वाळू फुंकरीने उडवावी तसा बोटांनी बाजूला करत होता. काही ताटं मोडली होती, काही पुन्हा उभी राहत होती. अंधार पडायच्या आधी एक ओळ पूर्ण उघडी झाली. पुढची अर्धी.

"राग गेला का तुझा?" ताईने कंबरेवर हात ठेवून विचारलं, न बोलण्याचं विसरून.

"नाही."

"कधी जाणार?"

"मला पुन्हा मुठीत गोळा दिसेल तेव्हा. तितकं माझं वय उरलेलं नाही."

ताईने घमेली पुन्हा एकात एक घातली. दाजी दमून पाठ टेकायला जागा शोधत होते. विजेच्या खांबाकडे गेले, फावडं टेकलं, आणि बसायला म्हणून एक पाय उचलला.

"तिथं नको," मास्तरीण म्हणाली. "त्या मातीवर पाय द्यायचा नाही."

दाजींनी उचललेला पाय तसाच मागे घेतला. ते वळून वाळूत आले आणि वाळूतच बसले.

"उद्या कधी यायचं?" त्यांनी विचारलं.

"उजाडलं की," ती म्हणाली. किल्ली अजून तिच्याच मुठीत होती.